अठ्ठावन्न पूर्ण झाली, नोकरी मात्र चालूच: पेन्शन कधी घ्यावी, किती पडते?

कंपनीचं निवृत्तीचं वय ६० असतं, किंवा ५८ पूर्ण होताना व्यवस्थापन म्हणतं, "आणखी दोन वर्षं राहा." पगार चालू राहणार म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण नोकरी चालू असली तरी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५, म्हणजे सगळे जिला ईपीएस-९५ म्हणतात ती, तिच्या लेखी तुम्ही ५८ पूर्ण होताच सदस्य राहत नाही. स्थायी आदेशात किंवा नेमणूकपत्रात काहीही लिहिलेलं असो, योजनेचं वय ५८ च आहे. त्या दिवशी पेन्शन लगेच घ्यायची की पुढे ढकलायची, हे ठरवावं लागतं. पुढे ढकलली की "वर्षाला चार टक्के वाढ" मिळते, हे ऐकून अनेक जण तिकडे वळतात. तिथेच बहुतेकांचं नुकसान होतं, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडतो आहे.

हे मार्गदर्शन खासगी कारखाने, कंपन्या, साखर कारखाने, सहकारी संस्था अशा ठिकाणी भविष्य निर्वाह निधी कापला जाणाऱ्यांसाठी आहे. सरकारी सेवेतल्यांचे नियम वेगळे आहेत.

आधी हक्क आहे का ते पाहा

पीएफ कापला जातो म्हणजे पेन्शन मिळणारच, असं नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर जे पहिल्यांदा पीएफचे सदस्य झाले आणि रुजू होतानाच ज्यांचा पीएफसाठीचा पगार १५,००० रुपयांच्या वर होता, ते पेन्शन योजनेत येत नाहीत. त्यांची मालकाकडची सगळी रक्कम पीएफमध्येच जाते. दुसरी अट दहा वर्षांच्या सेवेची. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे साडेनऊ वर्षं भरली असतील तर दहा मोजली जातात. त्याहून कमी सेवा असेल तर दरमहा पेन्शन नाही, १०-सी अर्ज भरून एकरकमी पैसे मिळतात. दोन-तीन कंपन्यांत नोकरी झाली असेल तर सगळी सेवा एकाच यूएएनखाली जोडली आहे ना, हे ५८ च्या आधी वर्षभर तपासा. दहा वर्षं भरूनही जुनी चार वर्षं दुसऱ्याच खात्यात पडून राहिल्यामुळे पेन्शन अडते, अशी उदाहरणं प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सापडतात.

हक्क असेल तर तीन पर्याय आहेत. नोकरी चालू ठेवून ५८ पासूनच पेन्शन सुरू करता येते. त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही, पगार आणि पेन्शन दोन्ही घेता येतात. हे अनेकांना माहीतच नसतं. ५० ते ५८ दरम्यानची कमी केलेली पेन्शन घ्यायची तरच नोकरी सोडलेली असावी लागते. दुसरा पर्याय एप्रिल २०१६ च्या दुरुस्तीने आला: पेन्शन जास्तीत जास्त ६० पर्यंत पुढे ढकलायची, त्या काळात पेन्शन फंडात काही भरायचं नाही, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे ४ टक्के वाढ घ्यायची. तिसऱ्यातही पेन्शन ६० पर्यंत ढकलायची, पण ८.३३ टक्क्यांची वर्गणी चालू ठेवायची. मग ती दोन वर्षं सेवेत धरली जातात आणि वर ४ टक्क्यांची वाढही मिळते.

आता आकडे

भोसरीतल्या एका कारखान्यातले सुपरवायझर घेऊ. १ सप्टेंबर २००७ ला रुजू झाले, ३१ ऑगस्ट २०२५ ला ५८ पूर्ण. सेवा १८ वर्षं. मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये, पण पेन्शनसाठी धरला जातो तो कमाल १५,००० च. पेन्शनचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. फक्त १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेसाठी कमाल मर्यादा ६,५०० ची लागते, कारण तेव्हा वर्गणीही तेवढ्यावरच जात होती.

म्हणून आधीची ७ वर्षं: ६,५०० गुणिले ७ भागिले ७०, म्हणजे ६५० रुपये. नंतरची ११ वर्षं: १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे २,३५७. दरमहा पेन्शन ३,००७ रुपये. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर एवढीच? हो, एवढीच. ४०,००० च्या पगारावरून पेन्शनचा अंदाज बांधून बसलेल्यांना हा आकडा धक्का देतो, म्हणून तो ५८ ला नव्हे, ५५ लाच काढून पाहायला हवा. सेवा २० वर्षं किंवा जास्त असेल तर सूत्रात दोन वर्षं वाढवून मिळतात, तेवढाच दिलासा. किमान पेन्शन १,००० रुपये आहे, तीही २०१४ पासून. या पेन्शनला महागाई भत्ता नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. आज ठरलेला आकडा वीस वर्षांनीही तोच राहतो. किमान पेन्शन ७,५०० करावी आणि त्यावर महागाई भत्ता द्यावा म्हणून ईपीएस-९५ चे पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत. त्यात बुलढाण्याचे पेन्शनर आघाडीवर आहेत. त्यांची मागणी रास्त आहे, पण तुमचा आजचा निर्णय आजच्या नियमांवरच घ्यावा लागेल.

वर्गणी न भरता दोन वर्षं ढकलली, तर ३,००७ वर सुमारे ८ टक्के वाढ, म्हणजे साधारण २४१ रुपये. ६० व्या वर्षी पेन्शन ३,२४८. त्यासाठी सोडलं काय? चोवीस महिन्यांचे ३,००७, म्हणजे ७२,१६८ रुपये. ढकललेल्या काळाचे हप्ते नंतर मिळत नाहीत. दरमहा २४१ रुपयांनी ७२,१६८ भरून निघायला जवळजवळ ३०० महिने लागतात. म्हणजे २५ वर्षं, वय ८५.

अजून स्पष्ट पाहायचं तर असं करा. ५८ पासून पेन्शन घ्या आणि दोन वर्षं ती तशीच साठवा. जमलेल्या ७२,१६८ वर वर्षाला फक्त ४ टक्के व्याज मिळालं तरी महिन्याला २४१ रुपये येतात. अगदी तेवढेच, आणि मुद्दल तुमच्या हातात. ६ टक्क्यांच्या मुदत ठेवीत तेच ३६१ होतात. हे गणित पेन्शनच्या आकड्यावर अवलंबून नाही. पेन्शन १,५०० असो की ८,०००, चोवीस हप्ते सोडून आठ टक्के वाढ घेणं याचा अर्थ वर्षाला ४ टक्के परतावा, तोही मुद्दल कायमचं देऊन टाकून. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांची प्रत्यक्ष पगारावरची वाढीव पेन्शन मंजूर झाली, त्यांनाही हेच लागू. वर्गणी न भरता पेन्शन पुढे ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात फायदा होणारा माणूस मला हिशेबात सापडत नाही.

वर्गणी भरून ढकलली तर चित्र बदलतं. नंतरची सेवा ११ ऐवजी १३ वर्षं, त्यामुळे २,७८६ अधिक ६५०, म्हणजे ३,४३६, आणि त्यावर ८ टक्के धरून सुमारे ३,७११. महिन्याला ७०३ रुपये जास्त. (सेवा २० वर्षं भरल्यावर वर सांगितलेली वाढीव दोन वर्षं इथे धरलेली नाहीत; ती मिळाली तर आकडा याहून वाढेल.) पण सोडलेली रक्कमही मोठी आहे. पेन्शनचे ७२,१६८ तर गेलेच, शिवाय दरमहा १,२५० रुपये पीएफऐवजी पेन्शन फंडात गेले, दोन वर्षांत ३०,०००. एकूण १,०२,१६८. ते वसूल व्हायला साधारण १२ वर्षं लागतात, वय ७२. पीएफचं व्याज २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के होतं. त्या दराने १,०२,१६८ वर महिन्याला ७०२ रुपये होतात. म्हणजे ती वाढीव वर्षं सोडली तर इथेही बरोबरीच, आणि मुद्दल तुमच्याकडे नाही.

तरीही हा पर्याय सरसकट वाईट म्हणणार नाही. ज्यांची सेवा कमी आहे, समजा दहा-अकरा वर्षं, त्यांच्या पेन्शनमध्ये दोन वर्षांची भर तुलनेने मोठी असते. घरात सगळे नव्वदीपर्यंत जगलेत आणि तब्येत ठणठणीत आहे, त्यांना आयुष्यभर खात्रीने येणारे सातशे रुपये मोलाचे आहेत. नवऱ्याच्या पश्चात पत्नीला, किंवा पत्नीच्या पश्चात नवऱ्याला, त्याच पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते, ती वाढीव आकड्यावर मोजली जाते. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हातात आलेले पैसे मुलाच्या दुकानात, लग्नकार्यात, उसनवारीत जाणार हे ज्यांना पक्कं माहीत आहे, त्यांनी ते पेन्शनमध्ये अडकवलेले बरे.

ज्यांना ५८ पासून पेन्शन घ्यायची आहे आणि ती खर्चही करायची नाही, त्यांनी कंपनीत सांगून पगारातून स्वेच्छेची पीएफ वर्गणी तेवढ्याने वाढवावी आणि घरखर्चाला पेन्शन वापरावी. नोकरी चालू असेपर्यंत पीएफला वयाची अट नाही.

पासबुकातला शेवटचा रकाना

५८ नंतर नोकरी चालू असेल तर कर्मचाऱ्याची १२ टक्के वर्गणी पूर्वीसारखीच जाते. बदलतो तो मालकाचा हिस्सा. आपल्या सुपरवायझरच्या पासबुकात आधी दर महिन्याला तीन आकडे दिसत: कर्मचारी ४,८००, मालक ३,५५०, पेन्शन १,२५०. ५८ नंतर ते असे दिसायला हवेत: ४,८००, ४,८०० आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य. पगारपत्रक तयार करणारा जन्मतारखेकडे लक्ष देत नाही आणि १,२५० पेन्शनकडे जातच राहतात, ही चूक सर्रास होते. ती तेव्हा कळत नाही, पेन्शनचा दहा-डी अर्ज भरल्यावर कळते आणि मग दावा अडतो. कंपनीला चूक कळवून ती रक्कम पेन्शनच्या खाते क्रमांक १० मधून पीएफच्या खाते क्रमांक १ मध्ये वळवून घ्यावी लागते, त्यात महिने जातात. म्हणून ५८ पूर्ण होण्याआधी महिनाभर एचआरला लेखी कळवा: अमुक तारखेपासून ईसीआरमध्ये (पीएफच्या मासिक विवरणात) ईपीएसचं वेतन शून्य दाखवावं. वर्गणी भरून पेन्शन ढकलायची असेल तर तेही लेखीच द्या, पोच घ्या. ज्यांनी ५८ च्या आधी कमी केलेली पेन्शन घेतली आणि पुन्हा नोकरी धरली, त्यांच्याही नावाने पेन्शन वर्गणी जात नाही. मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्येच यायला हवा.

कोणत्या कागदावर ठेवतात?

५८ नंतर माणसाला ठेवून घेताना कंपन्या नेमणुकीचा प्रकार बदलतात. खरा पैसा इथे हलतो, आणि याबद्दल विचारायला लोक संकोचतात. नोकरी तशीच चालू ठेवली तर पीएफ, विमा आणि ग्रॅच्युइटीची सेवा अखंड राहते. मुदतीच्या करारावर घेतलं तर ५८ पर्यंतची ग्रॅच्युइटी तेव्हाच मिळते आणि नवी सेवा वेगळी मोजली जाते. मुदतीच्या नेमणुकीवरच्यांना एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने दिला आहे. "सल्लागार" म्हणून घेतलं तर मात्र तुम्ही कर्मचारीच नसता.

सल्लागार होण्याची किंमत काढू. ४०,००० च्या पगारावर मालकाचा पीएफ महिना ४,८०० जातो. ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, २६ ने भागून, म्हणजे २३,०७७ रुपये, महिन्याला १,९२३. ही दोन धरून ६,७२३ रुपये दरमहा गेले. त्यावर रजेचे पैसे, बोनस आणि विमा. आणि हातात येणाऱ्या रकमेतून व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्र भरूनच परत मिळवायचा. "तेवढाच पगार, फक्त कागद वेगळा" असं सांगितलं तर तो तेवढाच पगार नसतो. किमान सात हजार वाढवून मागा आणि हे आकडे समोर ठेवून मागा.

विम्याचंही पाहा. पीएफबरोबरच्या ठेव संलग्न विमा योजनेत नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसाला जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. त्याचा हप्ता मालकाने भरायचा, कमाल ७५ रुपये महिना, आणि तो ५८ नंतरही पीएफ चालू असेपर्यंत भरावाच लागतो. साठीच्या उंबरठ्यावर ७ लाखांचा विमा बाजारात ७५ रुपयांत कुणी देणार नाही.

आणखी एक अडचण ५८ ला पीएफ काढून घेणाऱ्यांना येते. निवृत्त झालो म्हणून संपूर्ण पीएफ काढला आणि पुढच्याच महिन्यात त्याच किंवा दुसऱ्या कंपनीत रुजू झालात, तर नियमांच्या भाषेत तुम्ही "वगळलेले कर्मचारी" ठरता. मग कंपनीवर पीएफ भरण्याचं बंधन राहत नाही. नोकरी पुढे चालणार असेल तर पीएफ पूर्ण काढू नका. उलट, नोकरी खरोखर संपल्यावर पैसे तिथेच विसरूही नका. निवृत्तीनंतर तीन वर्षांत दावा केला नाही तर खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं. शिवाय नोकरी सुटल्यानंतर जमणाऱ्या व्याजावर कर लागतो.

ज्यांचा पगार २१,००० च्या आत राहिला आणि ईएसआयमध्ये किमान पाच वर्षं गेली, त्यांना निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

अर्ज, खर्च, वेळ

पेन्शनचा अर्ज म्हणजे दहा-डी. तो पीएफच्या सदस्य पोर्टलवरून किंवा उमंग अॅपवरून भरता येतो, शुल्क काहीही नाही. कार्यालयाबाहेर बसलेल्या एजंटला हजार-दोन हजार देण्याचं कारण नाही. खर्च होतो तो कागदांच्या दुरुस्तीवर. आधार, पॅन, बँक खातं आणि पीएफ यांतलं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळायला हवी. आधारमध्ये दुरुस्तीला ७५ रुपये लागतात. पीएफमधल्या चुकीसाठी कंपनीबरोबर संयुक्त घोषणापत्र द्यावं लागतं. जन्मतारखेत एका वर्षाचा फरक असेल तर ५८ कधी पूर्ण झाली हाच वाद होतो, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला आधीच काढून ठेवा. ई-नॉमिनेशनमध्ये पती किंवा पत्नीचं आणि २५ वर्षांखालच्या मुलांचं नाव, जन्मतारीख, आधार भरलेलं असावं.

अर्ज उशिरा केला आणि पेन्शन ढकलण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर ५८ पासूनची थकबाकी मिळते, पण त्यावर व्याज नाही. अर्जात पेन्शन कधीपासून हवी आणि ढकलायची आहे का, हे विचारलेलं असतं. तो रकाना दुसऱ्या कुणाला भरू देऊ नका. घाईत तिथे चुकीची निवड झाली तर वरचे ७२,१६८ रुपये त्या एका खुणेत जातात.

दावा २० दिवसांत निकाली निघायला हवा. नाही निघाला तर ऑनलाइन तक्रार करा, किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात भरणाऱ्या "निधी आपके निकट" शिबिरात कागद घेऊन जा. सुट्टी असेल तर ते पुढच्या कामाच्या दिवशी होतं. पेन्शन सुरू झाली की पीपीओ, म्हणजे पेन्शन आदेशाचा, क्रमांक जपून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत पद्धत आल्यामुळे पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, गावी स्थायिक झालात तरी पीपीओ हलवावा लागत नाही. हयातीचा दाखला वर्षातून एकदा. तो कोणत्याही महिन्यात देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो, नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. फोनवर चेहरा दाखवून तो घरबसल्या फुकट होतो.

नोकरी आणि पेन्शन दोन्ही चालू असतील त्या वर्षांत प्राप्तिकराकडे लक्ष द्या. पेन्शन पगारासारखीच करपात्र आहे आणि ती पगारात मिळवली जाते. कंपनी टीडीएस कापताना तिला तुमच्या पेन्शनची माहिती नसते. वर्षाला छत्तीस हजारांची भर पडली तर वरचा कर तुम्हालाच भरावा लागेल. एप्रिलमध्येच पेन्शनचा आकडा कंपनीच्या लेखा विभागाला लेखी कळवला की कर दर महिन्याच्या पगारातून थोडा थोडा कापला जातो आणि मार्चमध्ये एकदम मोठी रक्कम भरावी लागत नाही.